गोदामातले संगणक, रात्रभर जळणारी वीज आणि तीन टेबले

अंबाझरी

गेली १९ वर्षे मी नागपुरात संगणक-देखभालीचे काम करतो. वार्षिक देखभाल करारावर माझ्याकडे काही सरकारी कार्यालये, दोन पतसंस्था आणि वर्धा रोडवरच्या काही खासगी कंपन्या आहेत. मागच्या महिन्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात (नाव देत नाही) जुन्या प्रिंटरचा एक सुटा भाग शोधायचा होता, म्हणून शिपाई भाऊंनी मला तळमजल्यावरची बंद खोली उघडून दिली. आत छतापर्यंत यंत्रे रचलेली होती. पुढच्या रांगेत चपटे मॉनिटर, त्यामागे काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर, आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक आणि २००६ हे साल लिहिलेले. कोपऱ्यात यूपीएसच्या (वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या फुगून फुटल्या होत्या आणि त्यांतून गळलेल्या आम्लाने खालची शहाबादी फरशी पांढरी पडली होती. चार-पाच सीपीयू मी उघडून पाहिले. त्यांतले दोन तरी केवळ हार्ड डिस्क बदलून त्याच वर्षी पुन्हा कामाला लावता आले असते. आता उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत, त्यामुळे तो प्रश्नच उरलेला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला निघताना वरच्या मजल्यावर गेलो. कार्यालय रिकामे होते आणि बहुतेक टेबलांवरचे संगणक सुरू होते. हे मी रोज पाहतो, पण त्या दिवशी पिशवीत वॉटमीटर होता. रिकामा बसलेला एक संगणक मॉनिटरसह ५० वॉटच्या आसपास वीज घेत होता. असे १२० संगणक रात्रीचे १४ तास आणि वर्षातले २५० दिवस सुरू राहिले, तर २१,००० युनिट होतात, आणि यात शनिवार-रविवार धरलेले नाहीत. आपल्या देशातल्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका मजल्याच्या रिकाम्या रात्रींचे वर्षाला सुमारे १५ टन झाले. युनिटचा दर १० रुपये धरला, तरी २ लाख १० हजार रुपये गेले.

मला या ऑनलाइन चर्चेच्या धाग्यात जे म्हणायचे आहे ते असे. संगणक विकत घेणारे टेबल भांडार शाखेचे, विजेचे देयक मंजूर करणारे टेबल लेखा शाखेचे, आणि जुने यंत्र निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करून विल्हेवाट लावण्याचा प्रस्ताव मांडणारे टेबल तिसरेच असते. खासगी कंपनीतही शाखांची नावे तेवढी बदलतात. या तीन टेबलांमधून एक सामाईक फाइल कधीच फिरत नाही, त्यामुळे खरेदी करणाऱ्याला वीज दिसत नाही, देयक भरणाऱ्याला यंत्र दिसत नाही आणि निर्लेखन करणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. माहिती तंत्रज्ञानाचा पर्यावरणावरचा भार कमी करायचा असेल, तर नवे तंत्र आणण्याआधी ही फाइल सुरू करावी लागेल. आपल्या शहरात हे कसे करता येईल, यावर प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

भांडारपाल

मी एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या भांडार शाखेतून निवृत्त झालो. आपण वर्णन केलेल्या खोलीची किल्ली माझ्याकडेही ११ वर्षे होती, म्हणून लिहितो.

यंत्रे पडून राहतात त्यामागे आळसापेक्षा भीती अधिक असते. निर्लेखनासाठी समिती नेमावी लागते, यंत्र दुरुस्तीयोग्य नाही असा तांत्रिक दाखला घ्यावा लागतो, नोंदवहीतला क्रमांक प्रत्यक्ष वस्तूशी जुळवावा लागतो, हातची किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत, ठरवावी लागते आणि मग लिलाव. दहा वर्षांत तीनदा कार्यालयाची जागा बदललेली असते, मॉनिटर एका शाखेचा आणि सीपीयू दुसऱ्या शाखेचा जोडलेला असतो, मग क्रमांक जुळत नाहीत. ज्याच्या सहीने वस्तू बाहेर जाईल, त्याच्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो, आणि खोलीला कुलूप लावून ठेवणाऱ्यावर मात्र कोणताही आक्षेप निघत नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला माणूस काय करील, हे सांगायला नको.

दुसरी अडचण हार्ड डिस्कची. लाभार्थ्यांच्या याद्या, वेतनाची माहिती, न्यायालयीन प्रकरणे त्यात असतात. ती कोणाच्या हाती पडली तर काय, या धास्तीने सबंध संगणक अडकून पडतो. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही एवढाच बदल केला की यंत्र बंद पडून शाखेतून भांडारात आले, की त्याच दिवशी हार्ड डिस्क काढायची, तिच्यावर संगणकाचा क्रमांक लिहायचा, ती वेगळ्या कुलुपात ठेवायची आणि नोंदवहीत शेरा मारायचा. हार्ड डिस्कना नंतर शाखाप्रमुखांसमोर भोके पाडली. उरलेल्या सांगाड्याबद्दल मग कोणाच्या मनात शंका उरली नाही आणि समितीची बैठक एका दुपारी आटोपली. निर्लेखन दर वर्षी एका ठरलेल्या महिन्यात झालेच पाहिजे, असा दंडक घातला तर खोली भरणारच नाही. केंद्र सरकारची कार्यालये २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये साफसफाईची विशेष मोहीम राबवतात आणि तीत भंगाराचा निपटारा असतो. राज्याच्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयांनीही तेच दिवस धरायला हरकत नाही.

कोराडी_परिसर

अंबाझरी यांनी युनिटांचे टनांत रूपांतर केले. मी ते आमच्या गावच्या भाषेत करतो. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, शेजारी खापरखेड्याला २१० चे चार आणि ५०० चा एक. एका युनिटला साधारण दोन तृतीयांश किलो कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे २१,००० युनिटांमागे १४ टन कोळसा आणि जवळजवळ पाच टन राख. ती राख कुठेतरी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांच्या अंथरुणांवर ती आम्ही पाहिली आहे. सिव्हिल लाइन्समधला संगणक बंद केला की आमच्या गावची राख लगेच कमी होईल, असे मी म्हणत नाही, कारण वीज सगळ्या जाळ्यात जाते. पण संगणकाला धूर नसतो असे समजणाऱ्यांनी एकदा आमच्या बाजूला येऊन जावे.

मिहान_कर्मचारी

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. टेबलावरच्या संगणकांपेक्षा सर्व्हर रूमचा विषय मला मोठा वाटतो, कारण ती खोली वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे २४ तास चालते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्यावर सर्वाधिक खर्च होतो.

आमच्याकडे खोलीचा एसी १८ अंशांवर ठेवण्याची प्रथा होती. ती कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते. सर्व्हरच्या तोंडाशी जाणारी हवा १८ ते २७ अंशांपर्यंत चालते, ही शिफारस वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेने म्हणजे ॲश्रेने कित्येक वर्षांपूर्वी केली आहे. आम्ही टप्प्याटप्प्याने २५ अंशांवर आलो. त्याआधी मात्र एक काम करावे लागले. रॅकमध्ये जिथे यंत्र नव्हते त्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद केल्या, कारण सर्व्हरच्या पाठीमागून निघालेली गरम हवा त्या फटींतून वळून पुन्हा पुढे येत होती आणि म्हणून एसी कितीही वाढवला तरी वरच्या खणातली यंत्रे तापत होती. पट्ट्यांचा खर्च एका दुपारच्या नाश्त्याइतका आला असेल.

डेटा सेंटरच्या, म्हणजे सर्व्हरच्या मोठ्या केंद्रांच्या, क्षेत्रात पीयूई नावाचे एक माप २००७ पासून रूढ आहे. इमारतीत आलेल्या एकूण विजेला प्रत्यक्ष संगणकीय यंत्रांनी घेतलेल्या विजेने भागायचे. उत्तर १ च्या जितके जवळ तितके चांगले. जगातली उत्तम केंद्रे १.१ पर्यंत पोचली आहेत. आमची खोली सुरुवातीला २ च्या वर होती, म्हणजे सर्व्हरला लागणाऱ्या प्रत्येक युनिटामागे एकाहून अधिक युनिट थंडावा आणि यूपीएस यांत जात होते. हे माप काढायला दोन मीटर पुरतात आणि ते लावले नाहीत तर बाकीची सगळी चर्चा अंदाजपंचे राहते.

यूपीएसबद्दल नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे साधारण दर १० अंशांमागे ते निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॅटऱ्या बहुधा जिन्याखाली, पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या असतात. पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बदलावी लागते, ती याच कारणाने. बॅटऱ्या सावलीतल्या, हवेशीर भिंतीला हलवणे हे शिसे वाचवण्याचे सर्वांत स्वस्त काम आहे.

सरकारी कार्यालयांनी तर स्वतःची सर्व्हर रूम ठेवावी की नाही, हाच मूळ प्रश्न आहे. सरासरी दहा टक्के काम करणारा सर्व्हरही त्याच्या कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेत राहतो. असे आठ-दहा सर्व्हर आभासी यंत्रे करून, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने अनेक सर्व्हर चालवून, एका-दोन यंत्रांवर आणता येतात. एनआयसीची (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत आणि मेघराज हा शासकीय क्लाउडही (दूरच्या सामाईक सर्व्हरवरची सेवाही) आहे, तेव्हा तालुक्याच्या कार्यालयात एसी लावून एक सर्व्हर जपत बसण्याचे कारण कमीच उरते.

सक्करदरा

वरचा मुद्दा मान्य आहे, पण क्लाउडवर गेलो म्हणजे भार संपला असे कोणी समजू नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. ती जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का होते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत ती दुपटीहून अधिक होईल, असे तीच संस्था म्हणते. शिवाय अशा केंद्रांच्या थंडाव्याला पाणी लागते. पेंच धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराने उद्या एखादे मोठे केंद्र मागताना विजेबरोबर पाण्याचाही आकडा आधी विचारून घ्यावा.

मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेतले ४० संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले आणि विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुरवठादाराने सगळे बदलण्याचे दरपत्रक दिले. आम्ही प्रत्येक यंत्रात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीचा वेगवान साठा) आणि चार जीबी रॅम वाढवून लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली टाकली, आणि ती यंत्रे आज पहिल्यापेक्षा वेगाने चालतात. केरळातल्या सरकारी शाळा हे काम कितीतरी वर्षे करत आल्या आहेत, त्यामुळे यात धाडस असे काही नव्हते.

अडचण आली ती कार्यालयीन कर्मचाऱ्यांकडे, आणि ती लिनक्सपेक्षा मराठी टंकलेखनाची होती. त्यांची जुनी पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सामाईक अशी अक्षरसंकेतांची पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, होती. ती नव्या यंत्रावर उघडली की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसे, त्यामुळे "माझा जुनाच संगणक राहू द्या किंवा विंडोजच द्या" असा आग्रह होता. दोन महिने बसून आम्ही ती पत्रे युनिकोडमध्ये परिवर्तित केली. यंत्राचे आयुष्य वाढवायचे तर माणसाचा दस्तऐवज त्यात उघडला पाहिजे, ही गोष्ट तांत्रिक चर्चेत फार वेळा सुटते.

लेखापरीक्षा

मला एक शंका आहे आणि ती मी गांभीर्याने मांडतो आहे. नवी यंत्रे कमी वीज घेतात. मग जुनी यंत्रे ओढूनताणून चालवण्यापेक्षा ती बदलणे पर्यावरणाच्या हिताचे नाही का? कार्यालयप्रमुखांना कोणता सल्ला द्यायचा?

अंबाझरी

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर यंत्रागणिक बदलते, म्हणून हिशेबच मांडतो.

उत्पादक कंपन्या स्वतः जे अहवाल देतात, त्यांनुसार एका लॅपटॉपचा जन्मापासून अखेरपर्यंतचा कार्बन भार साधारण २०० ते ३५० किलो असतो आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग तो कारखान्यात बनतानाच हवेत गेलेला असतो. तेव्हा नवा लॅपटॉप आणणे म्हणजे पहिल्याच दिवशी अंदाजे २०० किलोचे कर्ज घेणे. आता दोन उदाहरणे पाहा. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून कामाच्या वेळी ९० वॉट घेत असतील आणि त्यांच्या जागी २५ वॉटचा लॅपटॉप आला, तर दिवसाचे ८ तास आणि २५० दिवस धरून वर्षाला १३० युनिट, म्हणजे ९० किलोच्या आसपास वाचतात. कर्ज सव्वादोन वर्षांत फिटते, म्हणून इथे बदल योग्य आहे. दुसरीकडे, चार वर्षांचा २५ वॉटचा लॅपटॉप काढून २० वॉटचा आणला, तर वर्षाला १० युनिट वाचतात, म्हणजे सात किलो. ते कर्ज फिटायला २८ वर्षे लागतील. कंपन्यांमध्ये तीन वर्षांनी सर्वांचे लॅपटॉप सरसकट बदलण्याची पद्धत आहे, ती या हिशेबात कुठेच बसत नाही. बॅटरी बदलून आणि एसएसडी टाकून तोच लॅपटॉप सहा-सात वर्षे चालतो, हे मी रोज पाहतो.

आणि जो बदलायचा तोही गोदामात जाऊ नये. कार्यालयात संपलेले यंत्र शाळेत किंवा वाचनालयात आणखी काही वर्षे काढू शकते, मात्र भांडारपाल यांनी लिहिल्याप्रमाणे हार्ड डिस्कचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे.

नागनदी

गोदामातून बाहेर निघालेले यंत्र जाते कुठे, यावर लिहितो. बहुतेक वेळा लिलावात सर्वांत जास्त बोली लावणारा कबाडी ते नेतो. तांबे मिळवण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. वायरीचे आवरण पीव्हीसीचे असल्यामुळे त्या धुरात डायॉक्सिन नावाची विषारी रसायने असतात. आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या जागेत पहाटे पाचला हा धूर उठतो आणि जाळणारी मुले १४-१५ वर्षांची असतात. काचेच्या नळीत शिसे असते, आणि एलईडी येण्याआधीच्या चपट्या मॉनिटरच्या मागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. त्या फोडल्या जातात आणि उरलेले नाल्यात टाकले जाते. नाला कोणत्या नदीत जातो, ते माझ्या सदस्यनामात आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६२० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. आपल्या देशात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात केव्हाही १,००० किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा आहे. टेलिफोन, प्रिंटर, एसी मोजले तर नागपुरातल्या कितीतरी संस्था हा आकडा सहज ओलांडतील. लिलावाच्या अटींत "नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ताच बोली लावू शकेल" हे एक वाक्य घातले, तर पैसे थोडे कमी येतील, पण वायर जळणार नाही. ही अट नसेल, तर लिलावात आलेल्या जादा रकमेची किंमत ती मुले आपल्या फुप्फुसांनी चुकवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कबाडी व्यवसायातल्या माणसांना मात्र शत्रू समजू नये. दारोदार जाऊन वस्तू गोळा करण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहे. त्यांनी गोळा करून नोंदणीकृत केंद्रावर वजनाने विकावे आणि फोडणे-जाळणे तेवढे थांबावे, अशी व्यवस्था हवी.

भांडारपाल

नागनदी यांच्या वाक्यात भर घालतो. तीच अट खरेदीच्या निविदेतही टाकता येते. आम्ही शेवटच्या पुरवठा आदेशात तीन गोष्टी लिहिल्या होत्या : हमी तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची, सुटे भाग तितकाच काळ उपलब्ध, आणि नवे यंत्र देताना तितक्याच संख्येची जुनी यंत्रे नोंदणीकृत केंद्राकडे पोचवून तिथली पावती सादर करणे. पावती मिळेपर्यंत देयकाचा शेवटचा हप्ता राखून ठेवला होता. सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून खरेदी करण्याचा नियम मोडण्याची गरज पडली नाही, कारण अटी सर्वांना सारख्याच होत्या. पाच वर्षांच्या विजेचा खर्चही दरात मिळवून तुलना करावी, असा माझा प्रस्ताव होता. तो मात्र मंजूर झाला नाही. तिथे अंबाझरी यांची तीन टेबले आडवी आली.

अंबाझरी

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्याची छापील प्रत (दोन्ही बाजूंनी छापलेली) घेऊन मी सोमवारी त्या कार्यालयाच्या प्रशासन अधिकारी मॅडमना भेटलो. त्यांनी लेखा शाखेतल्या सहायकांना आणि भांडार लिपिकांना तिथेच बोलावले. दोघेही मागची सात-आठ वर्षे एकाच इमारतीत बसतात आणि विजेच्या देयकावर त्यांचे बोलणे पहिल्यांदाच होत होते. निर्लेखन समितीचा प्रस्ताव या महिन्यात मांडायचे ठरले आहे. बॅटऱ्या वेगळ्या द्यायच्या आहेत, कारण त्यांना बॅटरी कचरा नियम लागतात. वरच्या मजल्यावर सुरुवातीला ३० संगणकांना २० मिनिटांनी आपोआप झोपण्याची मांडणी करून दिली आहे. त्या अवस्थेत यंत्र दोन-तीन वॉटच घेते आणि सकाळी कळ दाबली की काही सेकंदांत जिथे सोडले तिथून सुरू होते, त्यामुळे "सुरू व्हायला वेळ लागतो" ही कर्मचाऱ्यांची खरी तक्रारही मिटते.

लेखापरीक्षा

आमच्याकडेही हे करू इच्छितो. कोणते संगणक वगळावेत?

अंबाझरी

ज्याच्यावर इतरांसाठी सामाईक फोल्डर किंवा प्रिंटर जोडलेला आहे तो, बायोमेट्रिक हजेरीचा, सीसीटीव्हीचा आणि रात्री बॅकअप घेणारा. आधी प्रत्येक शाखेत विचारून यादी करा, नाहीतर पहिल्याच सकाळी हजेरी लागली नाही म्हणून सगळी मांडणी काढून टाकायला सांगतील. वॉटमीटर नसेल तर कळवा, माझा आठवडाभर नेऊ शकता.